नियमात न बसलेला लेफ्टनंट

वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरचा डॅनियल टल हा सुतार १८७६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावी आला आणि तिथलाच होऊन राहिला. त्याच्या वडिलांनी गुलामी भोगली होती. डॅनियलने मात्र हातातल्या कसबावर परक्या देशात घर उभे केले. केंट परगण्यातल्या ॲलिस पामर या मुलीशी त्याने लग्न केले. मेथडिस्ट पंथाच्या चर्चला नेमाने जाणारे हे कुटुंब. काळा सुतार, गोरी बायको आणि सावळी मुले हा संसार त्या काळच्या इंग्लंडमध्ये नजरेत भरण्याजोगा होता, पण फोकस्टनमध्ये तो रुळला.

२८ एप्रिल १८८८ रोजी या घरात वॉल्टर जन्मला. त्याच्या अकराच दिवस आधी मँचेस्टरच्या एका हॉटेलात बारा क्लबांनी एकत्र येऊन ‘फुटबॉल लीग’ स्थापन केली होती. पैसे घेऊन फुटबॉल खेळायला इंग्लंडमध्ये रीतसर मुभा मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. म्हणजे वॉल्टर टल आणि व्यावसायिक फुटबॉल हे जवळपास बरोबरीनेच वाढले. पुढे हाच मुलगा लीगच्या पहिल्या श्रेणीत खेळला आणि नंतर लष्कराच्या लेखी नियमांनुसार जो हुद्दा त्याला कधीच मिळायचा नव्हता, त्या हुद्द्यावर बसला. हे कसे घडले याचे उत्तर त्याच्या गुणांत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे इंग्लंडच्या गरजेत आहे. माणसे कमी पडली तेव्हा तिथले नियम वाकले आणि गरज सरली की पुन्हा ताठ झाले.

वॉल्टर सात वर्षांचा असताना, १८९५ साली, आई कर्करोगाने गेली. वडिलांनी तिच्याच चुलतबहिणीशी, क्लाराशी, लग्न केले. घर पुन्हा सावरते आहे असे वाटत असतानाच १८९७ च्या अखेरीस वडील हृदयविकाराने गेले. क्लाराच्या पदरात स्वतःची तान्ही मुलगी आणि सवतीची पोरे. कमावणारा माणूस नाही. मेथडिस्ट धर्मगुरूंच्या सल्ल्याने तिने एडवर्ड आणि वॉल्टर या शाळकरी वयाच्या दोघा भावांना लंडनच्या अनाथाश्रमात धाडायचे ठरवले. १८९८ साली ही दोन मुले पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनच्या बॉनर रोडवरच्या आश्रमात दाखल झाली.

बेथनल ग्रीन हा लंडनचा दरिद्री भाग. आश्रमात शिस्त कडक होती, पण मुलांना पोटापाण्याचा धंदा शिकवण्यावर भर होता. वॉल्टर छापखान्याचे काम शिकू लागला. आश्रमाचा गायनवृंद देणग्या गोळा करण्यासाठी गावोगाव कार्यक्रम करी. एडवर्डचा आवाज चांगला. त्या दौऱ्यांतून ग्लासगोच्या वॉर्नॉक कुटुंबाला तो आवडला आणि १९०० साली त्यांनी त्याला दत्तक घेतले. वॉल्टर बारा वर्षांचा होता. आईवडील गेल्यावर उरलेला एकमेव सोबतीही शेकडो मैलांवर स्कॉटलंडला गेला. तरी दोघांचा पत्रव्यवहार आणि येणेजाणे शेवटपर्यंत टिकले. वॉर्नॉक दंतवैद्य होते. एडवर्डही त्यांच्या मार्गाने गेला, १९१२ साली ग्लासगोत दंतवैद्य झाला आणि ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय दंतवैद्य म्हणून त्याची नोंद घेतली जाते. एकाच घरच्या दोन अनाथ पोरांनी, एकाने हाताच्या कसबावर आणि दुसऱ्याने पायाच्या, दोन बंद दारे उघडली. त्यांच्या सुतार बापाला हे पाहायला मिळाले नाही.

आश्रमाच्या संघात वॉल्टरचा खेळ दिसू लागला होता. १९०८ साली पूर्व लंडनच्या क्लॅप्टन क्लबने त्याला घेतले. क्लॅप्टन हा हौशी खेळाडूंचा क्लब, पगार नाही. मात्र त्या वेळच्या हौशी फुटबॉलमध्ये तो पहिल्या रांगेतला होता आणि टल आल्यावर त्या एका मोसमात त्याने तीन चषक जिंकले. त्यात देशभरच्या हौशी क्लबांसाठीचा एफए ॲमॅच्युअर कपही होता. ‘फुटबॉल स्टार’ या पत्राने मार्च १९०९ मध्ये टलला त्या मोसमाचा सर्वांत मोलाचा नवा खेळाडू ठरवले. तो आघाडीच्या फळीत आत खेळायचा. अंगाने भक्कम, पळण्यात फार वेगवान नाही, पण चेंडू कुणाकडे आणि केव्हा द्यायचा हे त्याला समजत असे. गोल करणाऱ्यापेक्षा करवून देणारा.

उत्तर लंडनचा टॉटनहॅम हॉटस्पर क्लब तेव्हा नुकताच पहिल्या श्रेणीत चढला होता. १९०९ च्या उन्हाळ्यात हा क्लब आणि एव्हर्टन असे दोन संघ अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर गेले, त्यात टललाही नेले. आश्रमात वाढलेला, छापखान्यातला मुलगा बोटीने थेट ब्वेनोस आयरेसला. दौऱ्यानंतर तो व्यावसायिक झाला. करारावर सही केल्याबद्दल १० पौंड आणि आठवड्याला ४ पौंड. हे दोन्ही आकडे त्या वेळच्या कमाल मर्यादेचे आहेत. खेळाडू कितीही मोठा असला तरी १९०१ पासून आठवड्याला ४ पौंडांवर मजल नव्हती. म्हणजे टॉटनहॅमने त्याला पैशात हात आखडता घेतला नाही. नव्या पोराला पहिल्याच झटक्यात वरची मर्यादा देऊ केली, यावरून त्याच्याकडून किती अपेक्षा होती ते कळते.

सप्टेंबर १९०९ मध्ये तो सुरुवातीच्या संघात आला. याआधी आजच्या घानातून आलेला आर्थर व्हार्टन लीगमध्ये गोलरक्षक म्हणून खेळून गेला होता, आणि मिश्रवंशीय विली क्लार्कही. मैदानाच्या मधोमध, हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर सतत पळणारा काळा खेळाडू मात्र विरळाच. पहिला सामना सन्डरलँडविरुद्ध, तो टॉटनहॅम हरला. मग घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड आले. ते आदल्या एप्रिलमध्येच एफए कप जिंकलेले. ३० हजारांवर प्रेक्षक. त्या सामन्यात टलला पाडल्याबद्दल टॉटनहॅमला पेनल्टी मिळाली आणि सामना २-२ असा सुटला. वर्तमानपत्रांनी त्याच्या संयमाचे आणि चेंडूवरच्या ताब्याचे कौतुक केले. थोड्याच दिवसांत ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध त्याचा गोलही झाला. महिनाभरात इतके यश फार कमी जणांच्या वाट्याला आले असेल.

मग ९ ऑक्टोबरला ब्रिस्टल.

ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने सामना सुरू असताना टलला त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या द्यायला सुरुवात केली. ‘फुटबॉल स्टार’च्या वार्ताहराने हे झाकून ठेवले नाही. त्याने त्या टोळक्याला सरळ भेकड म्हटले, त्यांची भाषा मासळीबाजारालाही लाजवील अशी होती असे लिहिले, आणि त्याच बातमीत टल हा त्या दिवशीचा मैदानावरचा सर्वांत चांगला आघाडीचा खेळाडू होता, त्याची वागणूक गोऱ्या खेळाडूंनीही गिरवावी अशी होती, असे नोंदवले. इंग्लिश फुटबॉलच्या मैदानावरच्या वर्णद्वेषाची ही अगदी सुरुवातीच्या काळातली छापील नोंद. ब्रिस्टल हे अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापारावर गबर झालेले बंदर होते. शिव्या देणाऱ्यांना हे ठाऊक असण्याची काही गरज नव्हती.

त्या दिवसानंतर टॉटनहॅमच्या पहिल्या संघातले टलचे स्थान डळमळले. दोन मोसमांत मिळून त्याला लीगचे दहाच सामने मिळाले, गोल दोन. बाकी वेळ राखीव संघात. खेळाडूला रंगामुळे वगळले असे कुठलाही क्लब लिहून ठेवत नसतो, आणि क्लबची बाजू घ्यायची तर संघात स्पर्धाही होती. पण ज्याच्यावर सप्टेंबरमध्ये स्तुतिसुमने उधळली जात होती तो त्याच हिवाळ्यात मागे पडतो, याला निव्वळ खेळाचे कारण पुरत नाही. माझ्या मते क्लबला त्याच्याविषयी आकस नसावा. त्यांना गोंधळ नको होता. ज्याच्यामुळे प्रेक्षक बिथरतात त्याला बाजूला ठेवणे हा सोपा उपाय, आणि त्यात कुणालाच आपण वाईट वागलो असे वाटत नाही.

ऑक्टोबर १९११ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनने त्याला घेतले. त्याच्या बदल्यात टॉटनहॅमला रोख रक्कम आणि चार्ली ब्रिटन हा खेळाडू मिळाला. नॉर्थॅम्प्टन म्हणजे जोड्यांच्या कारखान्यांचे गाव. क्लबला लोक लाडाने ‘कॉब्लर्स’, म्हणजे जोडे शिवणारे, म्हणत. लीगच्या पहिल्या श्रेणीतून सदर्न लीगमध्ये येणे ही उतरण होती हे खरे. पण तिथला व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन होता. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या दोन क्लबांना अव्वल बनवणारा, इंग्लिश फुटबॉलमध्ये डावपेचांचा पद्धतशीर विचार आणणारा हाच तो चॅपमन. तो स्वतः टॉटनहॅमसाठी खेळलेला होता, तेव्हा तिथे काय चालते याची त्याला कल्पना असणारच. १९१२ साली तो लीड्सला निघून गेला, पण टल नॉर्थॅम्प्टनमध्ये रुजला.

तिथले काउंटी ग्राउंड क्रिकेटचेही होते. फुटबॉलच्या वेळी मैदानाच्या तीनच बाजूंना प्रेक्षक उभे राहायचे आणि चौथ्या बाजूला क्रिकेटची मोकळी हिरवळ पसरलेली असायची. या अर्ध्या उघड्या मैदानावर टल मागे सरकून हाफ-बॅक झाला आणि तिथेच त्याचा खरा खेळ फुलला. समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाच्या पायाशी नेमका पोचवायचा, हे त्याला मनापासून जमले. शंभराहून अधिक सामने तो नॉर्थॅम्प्टनसाठी खेळला. गावातल्या लोकांचा तो लाडका होता. टॉटनहॅमची दोन वर्षे आणि नॉर्थॅम्प्टनची तीन वर्षे शेजारी ठेवली तर फरक खेळाडूत नव्हता, त्याच्यावर टाकलेल्या भरवशात होता, असेच म्हणावे लागते.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरले. क्रिकेट आणि रग्बीचे सामने थांबले. फुटबॉल मात्र सुरू राहिले, कारण व्यावसायिक खेळाडू मोसमभराच्या कराराने क्लबांना बांधलेले होते आणि क्लबांचे पोट तिकिटांवर होते. यावरून गदारोळ उठला. पोरे खंदकात मरत असताना ही धडधाकट माणसे पैशासाठी चेंडू लाथाडताहेत, असे वर्तमानपत्रांतून आणि धर्मपीठांवरून सुनावले जाऊ लागले. या रागात वर्गाचाही भाग होता. क्रिकेट, रग्बी हे सभ्य गृहस्थांचे खेळ. व्यावसायिक फुटबॉल हा गिरणीकामगारांचा आणि खाणकामगारांचा खेळ. आठवड्याला ४ पौंडांवर पोट असलेल्या माणसाने ते सोडून सैन्यात जावे ही अपेक्षा ज्यांच्या पोटाला चिमटा बसणार नव्हता तेच मोठ्याने बोलून दाखवत होते.

दबाव इतका वाढला की १५ डिसेंबर १९१४ रोजी फुलहॅमच्या टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि खास फुटबॉलपटूंची पलटण उभारण्याची घोषणा झाली. मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन, लोकांच्या तोंडी ‘फुटबॉलर्स बटालियन’. त्या सभेत पस्तीस खेळाडू भरती झाले. पहिले नाव फ्रँक बकली याचे. हाच पुढे ‘मेजर बकली’ या नावाने वुल्व्हरहॅम्प्टनचा नामांकित व्यवस्थापक झाला. क्लबांशी करार मोडू नये म्हणून शनिवारी सामन्यासाठी रजा मिळेल असे ठरले. आठवडाभर कवायत आणि शनिवारी लीगचा सामना, असा तो विचित्र हिवाळा होता. सभेनंतर सहाच दिवसांनी, २१ डिसेंबरला, टलने भरतीच्या कागदावर सही केली. नॉर्थॅम्प्टन क्लबमधून भरती होणारा तो पहिला.

नोव्हेंबर १९१५ मध्ये ही पलटण फ्रान्सला पोचली. तोवर टल सार्जंट झाला होता. आश्रमात वाढलेल्या मुलाला लष्करी शिस्त नवी नव्हती, आणि बरोबरीच्या माणसांनी मैदानावर त्याचा खेळ पाहिला होता. त्यामुळे त्याच्या रंगाविषयीचे पहिले कुतूहल इथे आधीच मागे पडले होते. मधल्या विश्रांतीच्या दिवसांत ही पलटण इतर तुकड्यांशी सामने खेळे आणि समोरच्यांचा धुव्वा उडवी. पण खंदकातली थंडी, चिखल आणि तोफगोळ्यांचा मारा फुटबॉलपटूंसाठी वेगळा नव्हता. मे १९१६ मध्ये टल कोसळला. डॉक्टरांनी कागदावर ‘ॲक्यूट मेनिया’ असे निदान लिहिले आणि त्याला इंग्लंडला परत पाठवले. सततच्या भडिमाराने मन ढासळणे, ज्याला तेव्हा ‘शेल शॉक’ म्हणू लागले होते, ते हेच. त्या वेळी अनेक अधिकाऱ्यांच्या लेखी असा माणूस भित्रा तरी ठरे किंवा नादुरुस्त. टलच्या पुढच्या वाटचालीकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवे.

सप्टेंबरमध्ये तो बरा होऊन परतला. या वेळी मिडलसेक्सच्या २३ व्या बटालियनमध्ये, म्हणजे फुटबॉलपटूंच्या दुसऱ्या पलटणीत. फ्रान्समधली सॉमची लढाई तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती. १ जुलैला, पहिल्याच दिवशी, ब्रिटिशांचे १९ हजारांवर सैनिक मारले गेले होते आणि त्यानंतरही काही यार्डांसाठी माणसे खपतच होती. टल तिथून जिवंत सुटला, पण डिसेंबरमध्ये उवांमुळे पसरणाऱ्या खंदकातल्या तापाने त्याला गाठले. पुन्हा इंग्लंड, पुन्हा इस्पितळ.

इथे गोष्टीला वळण मिळते. सॉमने ब्रिटिश सैन्याचे तरुण अधिकारी अक्षरशः कापून काढले होते. सेकंड लेफ्टनंट हा हल्ल्यात सर्वांच्या पुढे असणारा, म्हणून सर्वांत आधी मरणारा. आतापर्यंत हे अधिकारी बड्या शाळांतून येत. तो साठा संपत आला. मग १९१६ पासून नव्या अधिकारी-प्रशिक्षण पलटणींतून खालच्या हुद्द्यावरच्या अनुभवी सार्जंटांना वर घ्यायला सुरुवात झाली. कारकून, दुकानदार, शाळामास्तर यांची पोरे अधिकारी होऊ लागली. जुन्या घराण्यांतल्या अधिकाऱ्यांनी त्यांना ‘युद्धापुरते सभ्य गृहस्थ’ म्हणून नाक मुरडले, पण माणसे हवीच होती.

टलच्या बाबतीत अडथळा वर्गाच्या पलीकडचा होता. १९१४ च्या लष्करी कायद्याच्या पुस्तकात काळ्या माणसाला शिपाई किंवा फार तर वॉरंट ऑफिसर होता येईल, प्रत्यक्ष हुकमत गाजवणारा अधिकारी होता येणार नाही असा नियम होता. तो मुख्यतः परक्या देशाच्या नागरिकांसाठी लिहिलेला असला, तरी अधिकारी व्हायचे तर उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असावा ही अट भरतीच्या मार्गदर्शिकेतही स्पष्ट छापलेली होती. आपल्याकडच्या माणसाला हे नवे वाटायला नको. त्याच युद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या मराठा पलटणींतला वीस वर्षांच्या नोकरीचा सुभेदार-मेजरही काल भरती झालेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या खालीच असे. लढाऊ हिंदी अधिकाऱ्यांना राजाची सनद देण्याची घोषणा ऑगस्ट १९१७ मध्ये झाली, तीही फक्त नऊ जणांसाठी.

तरीही टलचे नाव वर गेले. त्याच्याबरोबर खंदकात राहिलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला पाठवण्यायोग्य मानले आणि वरच्या कचेरीने कागद अडवला नाही. फेब्रुवारी १९१७ मध्ये तो स्कॉटलंडच्या एअरशायरमधल्या गेल्स छावणीत प्रशिक्षणासाठी दाखल झाला. एडवर्ड जवळच, ग्लासगोत होता. ३० मे १९१७ रोजी वॉल्टर टल सेकंड लेफ्टनंट झाला. त्यासाठी नियम कुणी बदलला नाही. ज्यांना तो ठाऊक होता त्यांनी त्याकडे काणाडोळा केला.

ऑगस्टमध्ये तो २३ व्या बटालियनमध्ये परतला, आता गोऱ्या सैनिकांना हुकूम देणारा अधिकारी म्हणून. बेल्जियममधल्या इप्रच्या चिखलातली लढाई झाली. मग ऑक्टोबरच्या अखेरीस इटलीत कापोरेत्तोला इटालियन सैन्याची फळी कोसळली. शत्रूच्या रेट्याने इटालियन थेट पियावे नदीपर्यंत मागे हटले. त्यांना आधार द्यायला ब्रिटिशांनी काही डिव्हिजन फ्रान्समधून इटलीला हलवल्या, त्यांत टलची ४१ वी डिव्हिजनही होती.

पियावे ही आल्प्सवरून उतरणारी नदी. पात्र रुंद, गोट्यांचे, मधोमध वाळूची बेटे आणि त्यांच्यामधून वाहणारे अनेक प्रवाह. पाणी बर्फाचे आणि ओढ जबरदस्त. पलीकडच्या काठावर ऑस्ट्रियन. १९१८ च्या १ आणि २ जानेवारीच्या रात्री पलटणीने नदी ओलांडून शत्रूच्या ठाण्यावर छापा घातला. मुख्य तुकडीच्या आधी पलीकडे जाऊन जागा धरायची आणि शेवटी तिची पाठ राखत परतायचे, हे काम टलकडे होते. त्याच्या हाताखाली २६ माणसे. अंधारात, हिमासारख्या पाण्यातून त्याने त्यांना पार नेले. परतताना शत्रूचा जोरदार गोळीबार सुरू झाला, तरी सगळीच्या सगळी माणसे जिवंत अलीकडे आणली. एकही जखमी नाही. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि डोके थंड ठेवण्याची लेखी वाखाणणी केली. वीस महिन्यांपूर्वी याच माणसाला डॉक्टरांनी मन ढासळले म्हणून घरी धाडले होते.

मार्चच्या सुरुवातीला डिव्हिजनला घाईने फ्रान्सला बोलावले. रशिया युद्धातून बाहेर पडल्याने जर्मनीला पूर्वेकडचे सैन्य पश्चिमेला आणता आले होते. अमेरिकन फौजा पुरत्या पोचण्याआधी युद्ध उरकायचे या इराद्याने २१ मार्च १९१८ रोजी पहाटे जर्मन तोफांनी प्रचंड हल्ला सुरू केला. साडेतीन वर्षे इंचाइंचाने लढणारी फळी काही दिवसांत मैलोगणती मागे रेटली गेली. सॉममध्ये लाखोंचे रक्त सांडून घेतलेली जमीन आठवडाभरात गेली. ४१ व्या डिव्हिजनला बापोमच्या आसपास हे लोंढे अडवायला उभे केले.

२५ मार्चला फाव्रयी गावाजवळ टलची तुकडी माघार घेत लढत होती. तिथे त्याला गोळी लागली आणि तो जागीच पडला. त्याच्या तिसाव्या वाढदिवसाला महिनाभर उरला होता. प्रायव्हेट टॉम बिलिंगहॅम या त्याच्या शिपायाने, जो लेस्टर फॉस क्लबचा गोलरक्षक होता, मशिनगनच्या माऱ्यात त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला. जर्मन पुढे सरकत असल्याने शेवटी देह तिथेच सोडावा लागला. तो पुन्हा मिळालाच नाही. पलटणीतल्या लेफ्टनंट पिकर्डने ग्लासगोला एडवर्डला पत्र लिहिले. त्यात टलचा धीटपणा आणि त्याच्यावरचे सगळ्यांचे प्रेम सांगून, त्याच्या नावाची मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकासाठी शिफारस झाली होती, असे त्याने कळवले.

तो क्रॉस टलला मिळाला नाही. शिफारशीचा कागदही नंतर युद्धखात्याच्या दप्तरात सापडला नाही. पिकर्डने शोकाकुल भावाला बरे वाटावे म्हणून लिहिले, की शिफारस खरोखर गेली आणि वर कुणाला तरी काळ्या अधिकाऱ्याच्या छातीवर तो बिल्ला नको होता, यावर इंग्लंडमध्ये अजून वाद घातला जातो. ज्या अधिकाऱ्याची सनदच नियमाविरुद्ध होती त्याला गाजावाजा करून सन्मान देणे वरच्यांना अडचणीचे वाटले असण्याचा संभव मोठा आहे. पण कागदाशिवाय पुढे जाता येत नाही.

देह न सापडल्याने त्याला कबर नाही. अरासच्या स्मारकावर जवळपास ३५ हजार नावे आहेत, त्यांत त्याचे एक. क्लब बदलत गेले, त्याला खेळताना पाहिलेली पिढी सरली आणि पन्नास-साठ वर्षे त्याचे नाव कुणी घेतले नाही. ते पुन्हा वर आणण्यात इतिहासकार फिल वसिली याचा मोठा वाटा आहे. ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंचा माग काढताना त्याने क्लबांच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रे आणि एडवर्डच्या घराण्यात जपलेली पत्रे चाळली. १९९९ साली नॉर्थॅम्प्टन टाउनने आपल्या नव्या सिक्सफील्ड्स मैदानापाशी त्याचे स्मारक उभारले. टॉटनहॅममधल्या मोजक्या सामन्यांपेक्षा त्या गावातले शंभर सामने त्याला शेवटी जास्त उपयोगी पडले. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीत त्याची नाणी निघाली, पोस्टाचे तिकीट निघाले, शाळांत त्याचा धडा शिकवू लागले. मिलिटरी क्रॉस मरणोत्तर द्यावा म्हणून संसदेत मागणीही झाली. सरकारने जुने निर्णय उकरून काढायला नकार दिला.

ब्रिटिश सैन्याचा पहिला काळा अधिकारी हे बिरुद त्याच्या नावापुढे सर्रास लावले जाते. पुढच्या शोधात त्याच्याआधी सनद मिळालेले कॅरिबियन रक्ताचे काही तरुण सापडले आहेत, तेव्हा ‘पहिला’ हा शब्द जपून वापरलेला बरा. टलचे वेगळेपण दुसरीकडे आहे. घरचे वजन नाही, बड्या शाळेचे नाव नाही. खंदकातल्या शिपायापासून सुरू करून तो वर आला आणि गोऱ्या पलटणीचे त्याने लढाईत नेतृत्व केले.

त्याच्यामुळे दार उघडे राहिले का? त्याच्या बापाच्या बार्बाडोससह वेस्ट इंडीजच्या बेटांवरून जे हजारो तरुण स्वेच्छेने भरती झाले, त्यांची वेगळी ब्रिटिश वेस्ट इंडीज रेजिमेंट उभारण्यात आली. युरोपात त्यांना बहुतेक वेळा बंदुकीऐवजी तोफगोळे वाहण्याचे आणि रस्ते दुरुस्त करण्याचे काम मिळाले. युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९१८ मध्ये, इटलीतल्या तारांतोच्या छावणीत गोऱ्यांचे संडास साफ करण्याचे आणि कपडे धुण्याचे हुकूम निघाले तेव्हा त्यांनी बंड केले. १८० सार्जंटांनी अर्ज लिहिला. त्यात पगारवाढ नाकारल्याची आणि काळ्या माणसाला वर बढती मिळत नसल्याची तक्रार होती. टलने पियावे ओलांडली त्याला वर्षही झाले नव्हते. १९१९ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूल आणि कार्डिफमध्ये काळ्या खलाशांच्या आणि परतलेल्या सैनिकांच्या वस्त्यांवर गोऱ्या जमावांनी हल्ले केले. शुद्ध युरोपीय वंशाची अट लष्करात पुन्हा काटेकोर झाली. ती शिथिल झाली ऑक्टोबर १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, आणि तेव्हाही युद्ध चालेल तेवढ्या काळापुरतीच.